गरीब मच्छीमाराच्या नावानं

मासेमारीचा मोसम सुरू झाला की लालबागच्या बाजारात कधीकधी तळहातात मावतील एवढ्या पापलेटांचे वाटे लागतात. मोठ्या सरंग्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त, त्यामुळे संपतातही लवकर. सप्टेंबर 2023मध्ये महाराष्ट्र सरकारनं याच पापलेटाला 'राज्य मासा' म्हणून घोषित केलं. त्याच सुमारास माशांच्या 54 जातींसाठी पकडण्याचा किमान कायदेशीर आकारही ठरवून दिला. कारण साधं आहे. मासा एकदाही अंडी न घालता ताटात आला, तर पुढच्या वर्षी ताटात काय येणार? ओळखीच्या कोळीणमावशींना मी एकदा विचारलं, "मावशी, एवढी बारकी कशाला आणता?" त्या म्हणाल्या, "मी नाय घेतली तर दुसरी घेईल. आन् जाळ्यात मेलेलं पापलेट परत पोहायला जातंय थोडंच?"

या उत्तरात बेफिकिरी नाही. त्यात दोन वेगवेगळे मुद्दे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. एक, माझ्या एकटीच्या संयमानं काहीही वाचत नाही, फक्त माझा धंदा बुडतो. दोन, निर्णय माझ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा तो आधीच कुणीतरी घेऊन टाकलेला असतो. बोटीवरच्या तांडेलाला विचारलं तर तोही हेच सांगेल: मी बारीक आसाचं जाळं टाकलं नाही, तर शेजारची बोट टाकेल. आणि हेच वाक्य जरा सभ्य भाषेत देशही आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये बोलत असतात: आम्ही थांबलो तर दुसऱ्यांचे ताफे मासा नेतील. भाऊच्या धक्क्यावर आणि जिनिव्हात युक्तिवाद एकच आहे, फक्त बोटीचा आकार बदलतो.

'शाश्वत सागरी अर्थव्यवस्था' आणि त्यासाठीचं 'आंतरराष्ट्रीय सहकार्य' हे शब्द ऐकले की कॉन्फरन्स हॉल, पाण्याच्या बाटल्या आणि सामूहिक छायाचित्र डोळ्यांसमोर येतं. पण त्यांच्या तळाशी असलेले प्रश्न जुने आणि नैतिक आहेत. इतर थांबत नसताना मी थांबणं हे माझं कर्तव्य आहे का? आणि ज्यांनी आधी पोटभर खाल्लं, ते आता 'बेतानं खा' म्हणू लागले, तर त्यांचं ऐकायचं का?

समुद्र कोणाचा?

1609 साली ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडितानं 'मुक्त समुद्र' अशा अर्थाच्या शीर्षकाची एक लॅटिन पुस्तिका प्रसिद्ध केली. समुद्र कुणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, आणि वापरल्यानं तो संपत नाही, असं त्याचं म्हणणं. हे तत्त्वज्ञान हवेतून आलेलं नव्हतं. डच ईस्ट इंडिया कंपनीला आपल्याकडच्या समुद्रात व्यापार करायचा होता आणि पोर्तुगीज वाट अडवून बसले होते. त्या वेळी मुंबईची बेटं पोर्तुगीजांच्या ताब्यात होती आणि या किनाऱ्यावरून जहाज न्यायचं तर त्यांचा 'कार्ताझ' नावाचा परवाना लागायचा. म्हणजे 'समुद्र सर्वांचा' या उदात्त विचाराचा जन्मच मुळी 'समुद्र आम्हालाही लुटू द्या' या तक्रारीतून झाला. त्यामुळे विचार खोटा ठरत नाही. पण समुद्राबद्दलचं तत्त्व कुणी मांडलं तर त्याचं जहाज कुठे उभं आहे, हे विचारायची सवय त्यातून लागावी.

ग्रोशियसच्या युक्तिवादाचा एक पाय पुढे मोडला. समुद्र संपत नाही, हे वल्ही आणि शिडांच्या काळात खरं वाटत होतं, इंजिन आणि बर्फ आल्यावर ते खोटं ठरलं. नोव्हेंबर 1967मध्ये माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांमध्ये समुद्रतळ हा मानवजातीचा सामायिक वारसा मानावा, असं मांडलं. त्यातून सुरू झालेली चर्चा 1982च्या सागरी कायद्याच्या करारापर्यंत पोहोचली. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या साधनसंपत्तीवर त्या त्या देशाचा हक्क, असं त्यात ठरलं. समुद्राला कुंपण पडलं, पण ते माणसांपुरतं. मासा ते ओळखत नाही, गुजरातचं पाणी कुठे संपलं आणि महाराष्ट्राचं कुठे सुरू झालं हेही त्याला ठाऊक नसतं.

सामायिक गोष्टीचं काय होतं, याची दोन उत्तरं प्रसिद्ध आहेत. 1968 साली गॅरेट हार्डिननं लिहिलं की सामायिक कुरणात प्रत्येक गुराखी एक गुरू जास्त सोडणार आणि शेवटी कुरणच उजाड होणार. एलिनॉर ऑस्ट्रॉमनं 1990च्या पुस्तकात दाखवलं की असं होतंच असं नाही. वापरणारे लोक एकमेकांना ओळखत असतील, नियम त्यांनीच केले असतील आणि मोडणाऱ्यावर नजर असेल, तर सामायिक साधनं पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. या कामासाठी तिला 2009चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडे या वादात लगेच नारळी पौर्णिमेचा दाखला दिला जातो. समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, म्हणजे कोळ्यांना शाश्वत विकास आधीपासूनच कळला होता, वगैरे. मला हा दाखला आवडतो, पण तो जपून वापरायला हवा. शिडाच्या होडीला आषाढातल्या समुद्रात जाणं जवळपास अशक्यच होतं, त्यामुळे संयमाचं निम्मं श्रेय वाऱ्याला द्यावं लागेल. इंजिनाच्या बोटी आल्यावर वाऱ्याचा धाक कमी झाला आणि बंदीला कायद्याचा आधार लागला. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंदी असते. ती पाळली जाते यामागे भीती आहे, सवय आहे, श्रद्धाही आहे. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: गुजरातपासून केरळपर्यंत यांत्रिक बोटी साधारण एकाच काळात थांबतात. मी धक्क्यावर बोट बांधून बसलो असताना शेजारचा माझा मासा नेत नाही, एवढी खात्री असली की थांबणं हा वेडेपणा राहत नाही. मावशींच्या पहिल्या मुद्द्याला त्या 61 दिवसांत उत्तर मिळालेलं असतं.

नॉर्वेची गोष्ट

2018मध्ये काही देशांच्या प्रमुखांनी शाश्वत सागरी अर्थव्यवस्थेसाठी एक उच्चस्तरीय मंडळ स्थापन केलं. नॉर्वे आणि पलाऊ त्याचे सहअध्यक्ष. सुरुवातीच्या 14 देशांमध्ये इंडोनेशिया, घाना, केनिया, फिजी होते, भारत नव्हता. डिसेंबर 2020मध्ये या देशांनी आपल्या हक्काच्या संपूर्ण सागरी क्षेत्राचं 2025पर्यंत शाश्वत व्यवस्थापन करण्याची ग्वाही दिली.

नॉर्वेचं नाव वाचून मला एक जुनं सहकार्य आठवतं. ऑक्टोबर 1952मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात एक करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. हेतू चांगलाच होता: मच्छीमारांचं उत्पन्न वाढावं, आरोग्य सुधारावं. यांत्रिक बोटी आल्या, बर्फ आला. पुढे कोळंबीला परदेशात भाव मिळायला लागला आणि ट्रॉलरचा धंदा फोफावला. समुद्रतळ खरवडणारी जाळी आणि किनाऱ्याजवळचा पारंपरिक मच्छीमार यांच्यात इतका संघर्ष झाला की 1988मध्ये केरळ सरकारला पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद करावं लागलं. म्हणजे 'जास्त पकडा' हे शिकवणारंही आंतरराष्ट्रीय सहकार्यच होतं आणि आता 'बेतानं पकडा' म्हणणारंही तेच आहे. सहकार्य हा शब्द आपोआप पवित्र होत नाही, हे एवढ्यावरून पुरेसं कळावं.

मग नॉर्वेला आपल्याला काही सांगायचा अधिकार आहे का? इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. सांगणाऱ्याचे हात स्वच्छ आहेत का, हा एक प्रश्न. तो सांगतोय ते खरं आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' असलं तरी दुसऱ्याचं 'हो' असू शकतं. आणि नॉर्वेकडे दाखवण्यासारखंही काही आहे. बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा नॉर्वे आणि रशिया या दोघांच्या पाण्यात फिरतो. शीतयुद्ध ऐन भरात असताना, 1970च्या दशकाच्या मध्यावर, नाटोचा सदस्य नॉर्वे आणि सोव्हिएत संघ यांनी संयुक्त मत्स्य आयोग नेमला आणि वर्षाला किती कॉड पकडायचा व तो कसा वाटून घ्यायचा हे एकत्र ठरवायला सुरुवात केली. त्यांच्यात प्रेम नव्हतं, विश्वासही नव्हता. होता तो मोजलेला मासा, ठरलेला वाटा आणि दुसऱ्यानं तो ओलांडला तर कळण्याची सोय. सहकार्याला मैत्री लागत नाही, हिशेब लागतो. मला ही गोष्ट मोठ्या घोषणांपेक्षा आश्वासक वाटते.

जिनिव्हातला मच्छीमार

आता आपल्या बाजूकडे येऊ. 2018 साली जगभरात मासेमारीला सुमारे 35 अब्ज डॉलर एवढं सरकारी अनुदान दिलं जात होतं. त्यातलं 22 अब्जांच्या आसपास अनुदान ताफे फुगवणारं, म्हणून घातक होतं, असा रशीद सुमैला आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे. स्वस्त डिझेल आणि सरकारी मदतीची जहाजं नसती, तर आपल्या किनाऱ्यापासून हजारो मैल दूर जाऊन मासे धरणं कित्येक ताफ्यांना परवडलंच नसतं. 17 जून 2022 रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हा परिषदेत या अनुदानांवर करार झाला. बेकायदा मासेमारी, आधीच अतिरेकी पकडला गेलेला मासा आणि कुणाचंच नियंत्रण नसलेला खुला समुद्र, एवढ्यांपुरतं अनुदान त्यानं रोखलं. ताफे फुगवणाऱ्या अनुदानाचा मुख्य प्रश्न मात्र पुढे ढकलला गेला. 2024च्या अबू धाबी परिषदेतही त्यावर एकमत झालं नाही. पहिला करार 15 सप्टेंबर 2025 रोजी लागू झाला.

भारताची भूमिका या सगळ्यात ठाम राहिली आहे. दूरच्या समुद्रात जाणाऱ्या श्रीमंत देशांनी आपली अनुदानं 25 वर्षं बंद ठेवावीत आणि विकसनशील देशांना आपल्या 200 मैलांच्या आत 25 वर्षांची सवलत मिळावी. वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी 2022मध्ये सांगितलं की भारतात एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम 15 डॉलर अनुदान मिळतं, तर काही देशांत हा आकडा हजारो डॉलरमध्ये जातो. भारतातल्या मच्छीमारांचं एक शिष्टमंडळही तेव्हा जिनिव्हात गेलं होतं.

ही भूमिका न्याय्य आहे असं मला वाटतं. ज्यानं कुरण उजाड केलं आणि ज्याची एकच शेळी आहे, त्या दोघांना सारखाच नियम लावणं म्हणजे समानता नव्हे. पण या भूमिकेत एक शब्द सगळा भार वाहतो, तो म्हणजे 'गरीब मच्छीमार'. आणि 200 मैलांच्या आत फक्त गरीब मच्छीमार नसतो. एका खुंटावर डोल बांधून भरती-ओहोटीच्या हिशेबानं बोंबील काढणारा आहे, आणि मोठ्या जाळ्यानं अख्खा थवा घेरणारी पर्ससीन नौकाही आहे. पर्ससीनवर महाराष्ट्र सरकारला 5 फेब्रुवारी 2016 रोजी निर्बंध आणावे लागले, तेही पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षं तक्रार केल्यावर. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडणं केंद्रानं 2017मध्ये बंद केलं, तेही याच कारणानं. गरिबाच्या नावानं मिळवलेली सवलत या दोघांपैकी कुणाच्या टाकीत डिझेल होऊन जाणार, याचं उत्तर जिनिव्हात नाही, इथे द्यावं लागेल.

वरळीतला मच्छीमार

तोच मच्छीमार घरी असतो तेव्हा त्याचं काय होतं? मरीन लाइन्सजवळ सुरू होऊन गिरगाव चौपाटी आणि मलबार हिलच्या खालून सुमारे दोन किलोमीटरच्या बोगद्यानं जाणारा सागरी किनारा मार्ग वरळीला समुद्रावरच्या पुलाशी जोडला जातो. वरळी कोळीवाड्यातल्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून जिथून ये-जा करतात, त्याच वाटेवर या जोडपुलाचे खांब येणार होते. दोन खांबांमधलं अंतर 60 मीटर ठरलं होतं. कोळ्यांचं म्हणणं, वारा आणि प्रवाह असताना एवढ्या फटीतून होडी नेणं जिवावरचं आहे, किमान 160 मीटर हवेत. त्यांनी अर्ज केले, बैठका घेतल्या, होड्या घेऊन आंदोलन केलं. डिसेंबर 2022मध्ये सरकारनं 120 मीटरला मान्यता दिली.

काहीजण याला कोळ्यांचा विजय म्हणतील, काहीजण तडजोड. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या वर्षी जिनिव्हात भारत जगाला सांगत होता की आमच्या छोट्या मच्छीमाराची उपजीविका हाच आमचा मुख्य प्रश्न आहे, त्याच वर्षी मुंबईत तो मच्छीमार आपल्याच होडीच्या वाटेसाठी मीटर-मीटरनं भांडत होता. आराखडा करताना त्याला आधी विचारलं असतं, तर 60चा आकडा कागदावर आलाच नसता.

दुर्बलाचं नाव घेऊन युक्तिवाद करणं यात काही गैर नाही. वकील तेच करतो. पण वकिलाला अशिलाकडून वकालतनामा घ्यावा लागतो, आणि खटल्यात मिळालेली रक्कम अशिलाला द्यावी लागते. ज्याच्या नावानं आपण सवलत मागतो, त्याचं आपण देणं लागतो. हे देणं न फेडता तेच नाव पुन्हा पुन्हा वापरलं, तर बाहेरचे लोक ढोंगी म्हणतील ही किरकोळ गोष्ट आहे. खरी हानी अशी की खुद्द मच्छीमाराचाच नियमांवरचा विश्वास उडतो. आणि ऑस्ट्रॉमचं म्हणणं मान्य असेल, तर तो विश्वास हेच समुद्र राखण्याचं पहिलं साधन आहे.

या शहरात कोळ्यांना आपली जागा मागून, भांडून, प्रसंगी नवस बोलून मिळवावी लागली आहे. 1932मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला, तेव्हा उघड्यावर बसणाऱ्या कोळी आणि इतर विक्रेत्यांनी कायमच्या बाजारासाठी नवस केला. जागा मिळाल्यावर 1934 साली त्यांनी बसवलेला गणपती म्हणजे आजचा लालबागचा राजा. लाखो लोक दर्शनाला रांगेत उभे राहतात. त्या रांगेमागे एक मासळीबाजार आहे, हे त्यांतल्या किती जणांना आठवतं?

चांगुलपणा परवडण्याजोगा करणं

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे. इतर थांबत नसताना एकट्या मावशींनी बारकी पापलेटं नाकारावीत, अशी अपेक्षा मी करू शकत नाही. त्यांनी नाकारली तर ते कौतुकास्पद असेल, पण कौतुकास्पद गोष्ट कर्तव्य म्हणून गरिबावर लादणं हा अन्याय आहे. मात्र सगळे थांबतील असा नियम असेल, तो मोडणारा सापडत असेल आणि थांबण्याचा खर्च वाटून घेतलेला असेल, तर चित्र बदलतं. मग न थांबणारा मजबूर नसतो, तो शेजाऱ्याच्या वाट्यावर हात मारत असतो. नियम असा माणसाचं कर्तव्यच बदलतो. किमान आकाराचा कायदा बाजारातल्या टोपलीवर नव्हे तर जाळ्याच्या आसावर अंमलात आला, तर मावशींच्या दुसऱ्या मुद्द्यालाही उत्तर मिळेल, कारण ते पापलेट मरण्याआधीच जाळ्यातून सुटलेलं असेल.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचं काम मला एवढंच आणि एवढं मोठं दिसतं: चांगलं वागणं परवडेल अशी परिस्थिती तयार करणं. त्यासाठी देशांना एकमेकांवर प्रेम करायची गरज नाही. त्यांना मासा मोजावा लागेल, वाटा ठरवावा लागेल आणि ज्यांनी आधी जास्त घेतलं त्यांना आता जास्त सोडावं लागेल. या शेवटच्या मुद्द्यावर भारत बरोबर आहे.

पण जिनिव्हातल्या करारात घड्याळही लावलेलं आहे. ताफे फुगवणाऱ्या अनुदानाबद्दलचा उरलेला भाग करार लागू झाल्यापासून चार वर्षांत, म्हणजे सप्टेंबर 2029पर्यंत ठरला नाही, तर सदस्यांनी वेगळा निर्णय घेतल्याशिवाय पहिला करारही संपुष्टात येतो. तसं झालं तर सर्वांत मोठा फायदा दूरच्या समुद्रातल्या सर्वांत मोठ्या ताफ्यांचा होईल, आणि तोटा ज्याच्या नावानं आपण बोलतो त्याचा. म्हणून भारतानं 25 वर्षांची मागणी करताना सोबत आणखी एक कागद ठेवावा असं मला वाटतं. त्यात लिहिलेलं असावं की ही सवलत कोणत्या बोटीला मिळेल आणि कोणत्या नाही, दरवर्षी किती मासा मोजला जाईल, आणि तो मोजताना सातपाटी, वरळी, कुलाब्याचे कोळी कोणत्या खुर्चीवर बसतील. असा कागद आपल्याकडून कुणी परदेशी मागत नाही म्हणून तो करायचा नाही, असं थोडंच आहे? तो मागण्याचा पहिला हक्क ज्यांचं नाव आपण घेतो त्यांचा आहे, आणि बाजारात रोज भाव विचारणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांच्या बाजूनं तो मागायला हवा.